पावतीबुक

आमच्या केंद्रातले वडीलधारे गुरुजी निवृत्तीच्या आठवड्यात शाळेत आले, संघटनेचे पावतीबुक माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "घ्या. आता तुमची पाळी." कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हिशेब जमत नाही, असे मी बोलून पाहिले. ते म्हणाले, "अर्ज लिहिता येतो ना? मग झाले तर!"

पुढारीपण पत्करण्यापूर्वी आपले घराणे तरी पाहावे, म्हणून रात्री जुनी पुस्तके काढून बसलो. घराणे थोर निघाले. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव आमच्या साताऱ्याकडचे कटगुण, सावित्रीबाई नायगावच्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडाच लिहिला आहे : दरमहा १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी १५ ते २० तरी हवेत. शिवाय गावात मास्तरचे वजन वाढावे म्हणून त्याला टपालाचे, दस्तनोंदणीचे काम द्यावे, असेही सुचवले आहे. आणि आम्ही? जनगणना, मतदारयाद्या ही जादा कामे काढून घ्या, म्हणून अर्ज करतो!

पुढे मास्तरचे धनी बदलत गेले. १९२३ च्या कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, नंतर स्कूल बोर्डांचा अंमल आला. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. दक्षिणेला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्र्याचे यशवंतराव मुख्यमंत्री असताना कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. सत्ता गावाजवळ आली, हे चांगलेच झाले. पण मास्तरच्या बदलीचा कागदही जवळच्याच माणसांच्या हाती आला. एकट्याने तिथे काय बोलावे?

विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे त्यांना मत देतो तो माध्यमिक आणि त्यावरचा शिक्षक. इतर निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळणाऱ्या प्राथमिक मास्तरला तिथे मत नाही. मग त्याने पावतीबुक घेऊन शाळाशाळांतून हिंडायचे नाही तर काय करायचे?

हे सारे वाचून झाले, तरी मन तयार होईना. माझा वर्ग चौथीचा. कचेरीत खेटे घालताना त्याचे काय? गुरुजी शनिवारी सकाळची शाळा सुटली, की डबा घेऊन साताऱ्याची एसटी धरत. २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवारची सुटी झाली. आता पुढाऱ्याला रजाच टाकावी लागते.

पण एक गोष्ट विसरता येईना. मी साताऱ्याकडे नोकरीला, बायको जतकडे. १९४९ ची ती रेघ आमच्या संसारातून गेलेली. जिल्हा बदलावा, तर ज्येष्ठता शून्यावर येते. सात वर्षे आमची मुलगी आजीकडे वाढली. ज्येष्ठता गेली तरी चालेल, असे म्हणून बायकोने शेवटी अर्ज केला. तो एका टेबलावर दोन वर्षे पडून होता. गुरुजी पदरचे भाडे खर्चून अकरा वेळा गेले. त्यांनी मला कधी सांगितले नाही. पावतीबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या तारखा आणि पुढे माझे नाव सापडले.

त्याच पानावर त्याखाली आणखी तीन नावे आहेत, त्यांची कामे अजून झालेली नाहीत. सोमवारी मी किरकोळ रजेचा अर्ज लिहिला आणि चौथीच्या मुलांना शेजारच्या बाईंच्या वर्गात बसवून एसटी धरली.