पासबुकातला हक्क : सिनेटर ब्रूस आणि मुक्तांची बँक

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी, त्या मुक्त झालेल्या लोकांच्या घामाचा पैसा जिच्यात होता ती बँक डबघाईला आली होती, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. मताचा अधिकार मिळाला, पण कमाई ठेवायला सुरक्षित जागा मिळाली नाही, तर त्या स्वातंत्र्याची किंमत किती? हा प्रश्न सिनेटमध्ये लावून धरणारा माणूस स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता. त्यांचे नाव ब्लँच केल्सो ब्रूस.

ब्रूस यांचा जन्म 1841 चा, व्हर्जिनिया राज्यातला. मालकाच्या मुलाबरोबर बसून ते लिहा-वाचायला शिकले. यादवी युद्ध सुरू होताच ते कॅन्सासला निसटले आणि तिथे काळ्या मुलांची शाळा चालवू लागले. (पेशाने शिक्षक असल्यामुळे आम्हांला त्यांच्याविषयी जरा जास्तच आपुलकी वाटते, हे लपवत नाही.) पुढे मिसिसिपीत शेरीफ, करवसुली अधिकारी, शिक्षणाधिकारी अशी पदे भूषवून 1875 साली ते सिनेटमध्ये गेले. नव्या सदस्याला त्याच राज्याच्या ज्येष्ठ सदस्याने शपथेसाठी सोबत न्यायचे, अशी तिथली रीत. मिसिसिपीचे ज्येष्ठ सिनेटर जागचे हललेच नाहीत. शेवटी न्यूयॉर्कचे रॉस्को कॉंकलिंग उठले आणि ब्रूस यांच्याबरोबर चालत गेले. ब्रूस यांनी आपल्या मुलाचे नाव रॉस्को कॉंकलिंग ठेवले!

आता बँकेविषयी. 3 मार्च 1865 रोजी लिंकन यांच्या सहीने ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँके’ची सनद निघाली. अगदी पाच सेंटसुद्धा जमा करता येत. धुणी धुणाऱ्या बाया, शेतमजूर, काळ्या पलटणींतले शिपाई यांनी त्या बँकेत पैसे टाकले. पासबुकावर लिंकनचे चित्र. सनद संसदेची, शाखा उघडायला मदत करणारे सरकारी अधिकारी. मग ही बँक सरकारचीच, असे त्या भोळ्या माणसांनी मानले तर त्यांचे काय चुकले? कागदोपत्री सरकारची कोणतीच हमी नव्हती. ते बारीक अक्षरात होते, आणि ज्यांना अक्षरओळख करून घेण्यासाठीच कालपर्यंत चाबूक खावा लागत होता त्यांना ते कोण वाचून दाखवणार?

सुरुवातीला बहुतेक ठेवी सरकारी रोख्यांत होत्या. 1870 साली सनद बदलून घेतली गेली आणि जमीनजुमल्यावर कर्जे द्यायला मुभा मिळाली. ती कर्जे कोणाला मिळाली? ठेवीदारांना नव्हे, तर संचालकांच्या ओळखीच्या लोकांना आणि ठेकेदारांना. अर्थसमितीचे प्रमुख हेन्री कुक हे जे कुक या बड्या सावकाराचे भाऊ. सप्टेंबर 1873 मध्ये जे कुकची पेढी कोसळली आणि बँकेचे कंबरडे मोडले. मार्च 1874 मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदावर बसविण्यात आले. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर त्यात घातले, पण चार महिन्यांच्या आत बँकेला टाळे लागले. सुमारे 61 हजार खातेदार आणि जवळपास 30 लाख डॉलर अडकले.

उर्दूत ठेवीला अमानत म्हणतात. अमानतीत खयानत, म्हणजे विश्वासघात, हा आपल्याकडे साधा आर्थिक गुन्हा मानला जात नाही. ब्रूस यांची भूमिका आम्हांला याच अर्थाने जवळची वाटते. 1879 साली या बँकेच्या चौकशीसाठी सिनेटची खास समिती नेमली गेली आणि ब्रूस तिचे अध्यक्ष झाले. 1880 च्या अहवालात कोणाच्या गैरव्यवहाराने आणि कोणाच्या नालायकीने बँक बुडाली, ती नावे आली. शिल्लक मालमत्ता वाटण्यासाठी तीन आयुक्त पगार खात बसले होते. 1881 च्या कायद्याने ते काम एका सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. ठेवीदारांचे नुकसान सरकारी तिजोरीतून भरून निघावे यासाठीही ब्रूस झटले. ते मात्र झाले नाही. टप्प्याटप्प्याने मिळून डॉलरमागे सुमारे 62 सेंट परत द्यायचे ठरले, आणि पुष्कळ खातेदारांच्या हाती तेवढेही पडले नाहीत.

ब्रूस केवळ आपल्या जातभाईंचे वकील नव्हते, हेही सांगायला हवे. मिसिसिपीतल्या निवडणुकीतील दहशतीविरुद्ध 1876 साली ते बोललेच, पण 1879 साली चिनी मजुरांना रोखणाऱ्या विधेयकाविरुद्धही त्यांनी मत दिले आणि 1880 मध्ये मूळनिवासी इंडियनांना नागरिक म्हणून वागविण्याची बाजू मांडली. आपल्याला कालपर्यंत नागरिक मानले जात नव्हते, तेव्हा दुसऱ्याला दाराबाहेर उभे करणाऱ्यांत आपण कसे सामील व्हायचे, हा त्यांचा विचार होता. आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांना हे सुचते?

बँकेचा दरवाजा बंद करण्याच्या तऱ्हा काळानुसार बदलतात. काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरविल्याची नोंद 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायला गेलेल्या पालकांना केवळ पत्ता ऐकून ‘उद्या या’ सांगितले गेल्याचे आम्ही पालकांकडूनच ऐकले आहे. तिकडे ठेव घेतली आणि बुडविली, इकडे ठेव घ्यायलाच टाळाटाळ झाली. दोन्हीकडे माणसाच्या नागरिक असण्यावरच शंका घेतली गेली. 2014 नंतर जनधन खाती घरोघरी पोहोचली हे खरे, पण खाते मिळणे वेगळे आणि त्या खात्याच्या बळावर दुकानासाठी कर्ज मिळणे वेगळे.

सिनेटची मुदत संपल्यावर 1881 साली ब्रूस सरकारी खजिन्याचे निबंधक झाले. अमेरिकन नोटांवर प्रथमच एका काळ्या माणसाची सही छापली गेली. खजिन्यासमोर बुडालेल्या बँकेची इमारत उभी होती. ती सरकारने पुढे विकत घेतली आणि 1899 मध्ये पाडली. त्या जागेवरच्या खजिन्याच्या इमारतीला जानेवारी 2016 मध्ये ‘फ्रीडमन्स बँक’चे नाव देण्यात आले. ठेवीदारांचे वारस त्याआधी कित्येक वर्षे सरकारकडे अर्ज करून थकले होते.