दोन वाड्या आणि जिल्ह्याचे एक ठाणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी आजी कधी ‘वर्ध्याला जाते’ असे म्हणत नसे. ती म्हणायची, “कचेरीकडे जाऊन येतो.” मग काम मीठमिरची आणण्याचे असो, नाहीतर डॉक्टरला दाखवण्याचे. नालवाडीतल्या आमच्या घरापासून वर्धा शहर जेमतेम दोन मैल. पण आजीच्या लेखी ते शहर नव्हतेच, ती होती सरकारची कचेरी आणि तिच्याभोवती जमलेली दुकाने.

मोठेपणी जिल्ह्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळले, की आजी अगदी बरोबर बोलत होती.

आपल्याकडची जिल्ह्याची बहुतेक ठिकाणे जुनी असतात. कुठे किल्ला असतो, कुठे पेठ, कुठे देवस्थान. राज्ये बदलतात, पण नवा अधिकारी जुन्याच गावात येऊन बसतो. वर्ध्याचे तसे नाही. १८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पाठोपाठ इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग तोडून वर्धा जिल्हा करण्यात आला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते हलवायचे ठरले आणि त्यासाठी पालकवाडी नावाच्या एका लहानशा वस्तीची जागा निवडली गेली. वस्ती उठली, जमीन सपाट झाली, रस्ते आखले गेले आणि त्या जागेवर वर्धा नावाचे नवे गाव उभे राहिले.

नावसुद्धा नदीकडून उसने घेतलेले! वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम कडेने वाहते. ती पाहायची तर वर्धेकराला पुलगावची वाट धरावी लागते.

ही सारी घाई कशासाठी होती? त्याचे उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासूनच व्यापाऱ्यांत नावाजलेला होता. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. म्हणजे ठाणे बसले आणि दुसऱ्याच वर्षी दाराशी आगगाडी आली. तरीही हे जिल्ह्याचे गाव बरीच वर्षे लहानच राहिले. १९०१ च्या जनगणनेत वर्ध्याची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती, आणि हिंगणघाट त्याहून मोठे होते. हुकूम वर्ध्यातून सुटत, व्यापार हिंगणघाट, आर्वीत चाले.

अशा या सरकारी गावाचे नाव पुढे देशभर झाले. ते मात्र कचेरीमुळे झाले नाही. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे १९२१ मध्ये विनोबा भावे वर्ध्याच्या आश्रमात आले. १९३४ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहू लागले. पण या माणसांची पुढची वाटचाल पाहिली, की एक गोष्ट लक्षात येते. त्यांना वर्ध्यात थांबायचे नव्हते. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला गेले, तेच १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आणि विनोबा त्यांच्याही आधी, १९३२ च्या डिसेंबरात, वर्ध्याबाहेर पडले होते. ते आले आमच्या नालवाडीला.

नालवाडी तेव्हा काही नावाजलेले गाव नव्हते. वस्ती प्रामुख्याने दलितांची होती, आणि ते पाहूनच विनोबांनी ती निवडली. इथे त्यांनी स्वतःवर एक प्रयोग केला. दिवसभर सूत कातायचे आणि त्या मजुरीत जे बसेल तेवढ्यावरच जगायचे. खादी वापरा असे लोकांना सांगणे सोपे असते, पण ती कातणाऱ्या बाईचे पोट त्यात भरते का, हे त्यांना आपल्या पोटावरून मोजायचे होते.

१९३४ मध्ये इथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. त्यात केवळ मेलेल्या जनावरांचे कातडे कमावले जाई. ज्या कामामुळे समाजाने माणसांना दूर ठेवले होते, तेच काम हाती घेण्यात आले. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी जवळच दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. नालवाडीला लागून असलेल्या गोपुरीत जमनालालजींनी आपले अखेरचे दिवस गोसेवेत घालवले. तिथेच १९८० मध्ये ‘गीताई’चे श्लोक शिळांवर कोरलेले गीताई मंदिर उभे राहिले. विनोबा स्वतः १९३८ मध्ये प्रकृती खालावल्यामुळे धाम नदीकाठी पवनारला गेले. म्हणजे नालवाडीत ते पाच-सहा वर्षेच राहिले. पण कातणारा, चांभार आणि कुष्ठरोगी या तिघांनाही समाजाच्या कडेवरून मध्ये आणायचे काम या परिसरात त्याच वर्षांत उभे राहिले.

मला वाटते, जिल्ह्याच्या ठाण्याचा खरा इतिहास या दोन वाड्यांत आहे. कचेरी विचारत होती, या मुलखातून सारा किती येईल, कापूस किती निघेल? नालवाडीने विचारले, दिवसभर राबणाऱ्या माणसाला जेवायला काय मिळते? पहिल्या प्रश्नापायी पालकवाडी पुसली गेली. दुसऱ्या प्रश्नामुळे नालवाडीचे नाव राहिले.

आता राहिले म्हणावे का, याचीच मला शंका येते. २००१ आणि २०११ च्या जनगणनांत नालवाडीची गणना ‘जनगणना शहर’ म्हणून झाली. पाच हजारांवर वस्ती, दाट घरे आणि शेतीबाहेर कामाला जाणारे पुरुष शंभरात पंचाहत्तर, असे झाले की जनगणना गावाला शहर म्हणते. ग्रामपंचायत गावाची, मोजणी शहराची! विनोबा जे खेडे शोधत आले होते, ते असे कागदावर संपले. यात कोणाचा दोष नाही. वर्ध्यात नोकरी करणाऱ्यांना घरे हवी होती आणि दोन मैलांवर जमीन होती. आमचेही जुने घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू?

पण पालकवाडीसारखे होऊ नये एवढे मात्र वाटते. तिथे कोण राहत होते, उठून कुठे गेले, हे सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. नालवाडीत मात्र अजून विचारता येते. चर्मालयात कोण काम करत होते, सुताची मजुरी किती मिळे, दत्तपूरला पहिल्यांदा पाऊल टाकताना घरचे काय म्हणाले, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले पाहिजे. ते काम कोणत्याही कचेरीचे नाही.

मी आजीला यातले काहीच विचारले नाही. ती कचेरीकडे जायला निघाली, की मी फक्त खाऊ आणायला सांगत असे.