आनुवंशिक हृत्स्नायुविकार : संशोधनाचा इतिहास आणि खानदेशातील प्रासंगिकता

प्रस्तावना :
धडधाकट तरुणाचा शेतात काम करताना किंवा मैदानावर अकस्मात मृत्यू झाला, की समाज त्याला दैवाचा घाला म्हणतो. त्याच घराण्यात पूर्वी असाच मृत्यू झाला असेल, तर शापाची कल्पना रूढ होते. प्रत्यक्षात अशा काही मृत्यूंमागे हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक विकार असतो.

संशोधनाचा प्रवास :
१९५८ मध्ये लंडन येथील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी तरुणांच्या हृदयातील स्नायूंच्या विषम जाडीचे वर्णन केले. विकार कुटुंबात उतरतो हे पुढे स्पष्ट झाले. परंतु कारण सापडण्यास १९९० उजाडले. त्या वर्षी क्रिस्टिन व जोनाथन सीडमन यांच्या गटाने चौदाव्या गुणसूत्रावरील मायोसिन प्रथिनाच्या जनुकातील दोष दाखविला. १९९५ मध्ये अकराव्या गुणसूत्रावरील मायोसिन-बंधक प्रथिनाचे जनुकही दोषी ठरले.

भारतीय संदर्भ :
याच दुसऱ्या जनुकातील २५ अक्षरांचा लोप २००३ मध्ये भारतीय कुटुंबांत आढळला. २००९ मध्ये पेरुंदुराई धंदपाणी आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील कुमारसामी थंगराज यांच्या गटाने दाखविले, की दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोक या लोपाचे वाहक आहेत. हा बदल सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीचा असावा. त्याचे दुष्परिणाम बहुधा प्रौढ वयात, म्हणजे अपत्यप्राप्तीनंतर दिसतात. म्हणूनच निसर्गनिवडीने तो नाहीसा झाला नाही. प्रत्येक वाहक आजारी पडतोच असे नाही. मात्र धोका वाढतो.

खानदेशातील प्रासंगिकता :
मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा महाराष्ट्रातील अनेक जातींत प्रचलित असल्याचे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात नोंदविले आहे. नात्यातील विवाहात पती-पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते आणि दोन सदोष प्रती मिळालेल्या अपत्यात विकार अधिक तीव्र होऊ शकतो. धुळे व जळगावच्या आदिवासी भागांत सिकलसेलमुळे 'वाहक' ही संकल्पना परिचित झाली आहे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. हृत्स्नायुविकाराबाबत अशी जाणीव अद्याप रुजलेली नाही.

निष्कर्ष :
एका जनुकाच्या प्रबळ दोषामुळे हा विकार जडला असल्यास रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. यास्तव रुग्णाचे आई-वडील, भावंडे व मुले यांची ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफीद्वारे तपासणी आवश्यक ठरते. घराण्यातील अकाली मृत्यूंची वंशावळ नोंदविणे ही त्याची पहिली पायरी होय. या कामी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना समाजशास्त्र व इतिहास विभागांची साथ लाभल्यास शापाच्या समजुतीची जागा वेळेवर केलेली तपासणी घेऊ शकेल.