बिघाडानंतरचे उड्डाण : मंगळावरील इंजेन्युइटीचा इतिहास

परग्रहावर स्वतःच्या शक्तीने आणि स्वतःच्या नियंत्रणाखाली उडालेले पहिले यंत्र म्हणजे 'इंजेन्युइटी' हे १.८ किलो वजनाचे ड्रोन. 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हरच्या पोटाशी बांधलेल्या अवस्थेत ते १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या जेझेरो विवरात उतरले. १९ एप्रिल २०२१ ते १८ जानेवारी २०२४ या काळात त्याने ७२ उड्डाणे केली. मूळ योजनेत पाचच होती, तीही ३० मंगळदिवसांत उरकायची. या जवळपास तीन वर्षांत त्याचे संगणकीय घड्याळ अडले, कॅमेऱ्याची चित्रे हरवली, पाती वळवणाऱ्या मोटरी डळमळल्या, बॅटरी रात्रीत रिकामी झाली आणि कलमापक कायमचा बंद पडला. प्रत्येक वेळी पृथ्वीवरच्या चमूसमोर एकच प्रश्न उभा राहिला : ज्या यंत्राने आत्ताच दगा दिला, त्याला पुन्हा हवेत सोडायचे का? या यंत्राचा खरा इतिहास त्या प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

मंगळावर हेलिकॉप्टर उडवण्याची कल्पना अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, १९९० च्या दशकात बॉब बलराम यांनी मांडली. मद्रासच्या आयआयटीतून शिकलेले हे अभियंते पुढे या प्रकल्पाचे मुख्य अभियंता झाले. पहिला प्रस्ताव पैशाअभावी बासनात गेला आणि सुमारे दीड दशकाने पुन्हा बाहेर निघाला. अडचण हवेची होती. मंगळाच्या वातावरणाची घनता पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. गुरुत्व ३८ टक्के असल्याने थोडी मदत होते, पण ती पुरेशी नाही. म्हणून १.२ मीटर व्यासाच्या, एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन पातीजोड्या मिनिटाला २,५०० हून अधिक फेरे घेतील अशा बनवाव्या लागल्या. विरळ हवेत पात्यांचे हेलकावे लवकर शमत नाहीत. जेपीएलच्या निर्वात कक्षातील सुरुवातीच्या चाचण्यांत माणसाने जॉयस्टिक धरून नमुना स्थिर ठेवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मे २०१६ मध्ये संगणकाच्या ताब्यातील नमुना त्याच कक्षात नीट तरंगला, तेव्हा हे काम माणसाच्या हाताचे नाही हे पक्के झाले.

या निष्कर्षाने वैमानिकाच्या कामाचा अर्थच बदलला. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. त्यामुळे मुख्य वैमानिक होवार्ड ग्रिप आणि त्यांचे सहकारी उड्डाणाची आखणी आधीच आज्ञांच्या स्वरूपात पाठवत. उड्डाण संपून बराच वेळ गेल्यावर रोव्हरमार्फत नोंदी येत आणि तेव्हा काय घडले ते कळे. बिघडलेला ड्रोन पृथ्वीवर उचलून टेबलावर ठेवता येतो, पंखा बदलता येतो, पुन्हा अंगणात हातभर उंच उडवून बघता येतो. इथे स्क्रूलाही हात लावण्याची सोय नव्हती. विश्वास परत मिळवायचा तो केवळ नोंदी वाचून, पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर प्रयोग करून आणि नव्या आज्ञा लिहून.

पहिली परीक्षा उड्डाणापूर्वीच आली. ९ एप्रिल २०२१ रोजी पाती पूर्ण वेगाने फिरवण्याची चाचणी मध्येच थांबली. संगणक 'उड्डाणपूर्व' अवस्थेतून 'उड्डाण' अवस्थेत जात असताना वॉचडॉग टायमरची मुदत संपली होती. ठरल्या वेळेत काम पुढे सरकले नाही तर हा पहारेकरी सगळी प्रक्रिया थांबवतो. यंत्र शाबूत होते आणि पहारेकऱ्याने आपले काम चोख केले होते. चमूपुढे दोन वाटा होत्या. उड्डाणाचे सॉफ्टवेअर बदलून नव्याने बसवणे हा मुळावरचा उपाय, पण जवळपास दोन वर्षे न बदललेल्या, पूर्ण तपासलेल्या सॉफ्टवेअरला हात लावण्याची जोखीम त्यात होती. दुसरी वाट आज्ञांच्या क्रमात थोडी भर घालून वेळेचे गणित सांभाळण्याची. ही युक्ती शंभरातून सुमारे ८५ वेळा यशस्वी होईल असा हिशेब निघाला. चमूने दुसरी वाट धरली. १६ एप्रिलला पाती पूर्ण वेगाने फिरली, आणि १९ एप्रिलला इंजेन्युइटी तीन मीटर वर चढून ३९ सेकंदांनी सुखरूप उतरली.

८५ टक्क्यांचा तो आकडा चमूने लपवला नाही, हे महत्त्वाचे. उरलेले १५ टक्के २९ एप्रिलला समोर आले : चौथ्या उड्डाणाच्या वेळी तोच टायमर पुन्हा आडवा आला आणि पाती हललीच नाहीत. आधी जाहीर केलेली शक्यता खरी ठरली होती, एवढेच. कुणी घाबरले नाही. तीच आज्ञा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली आणि उड्डाण झाले. दोष किती वेळा डोके वर काढेल हे ठाऊक असेल तर त्याच्यासकट काम करता येते.

२२ मे २०२१ चे सहावे उड्डाण मात्र वेगळ्या जातीचे संकट होते, कारण या वेळी बिघाड हवेत झाला. दहा मीटर उंचीवरून १५० मीटरचा पहिला टप्पा संपत आला असताना, सुमारे ५४ व्या सेकंदाला, यंत्र पुढेमागे झुलू लागले. ते वीस अंशांहून अधिक कलंडत होते आणि विजेचा वापर एकदम वर-खाली होत होता. कारण नोंदींमधून सापडले. इंजेन्युइटीचा खाली पाहणारा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत असे. प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का असे. जमिनीवरचे दगड, भेगा आणि छटा या चित्रात किती सरकल्या यावरून संगणक आपली जागा आणि वेग ओळखत असे. त्या दिवशी वाटेत एक, फक्त एक चित्र हरवले. त्यानंतरच्या सगळ्या चित्रांवर चुकीच्या वेळेचे शिक्के बसत गेले. संगणकाला दिसणारे दृश्य आणि त्याला वाटणारी वेळ यांचा मेळ सुटला. तो नसलेली चूक दुरुस्त करत राहिला, आणि प्रत्येक दुरुस्तीने नवी चूक जन्माला आली.

अशा स्थितीतही यंत्र ठरल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत नीट उतरले. याची दोन कारणे चमूने शोधली. नियंत्रणप्रणालीत स्थैर्याची भरपूर सवलत मुद्दाम ठेवलेली होती, त्यामुळे चुकीच्या वेळा तिने पचवल्या. आणि उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात धुळीच्या भीतीने कॅमेऱ्याची चित्रे विचारात न घेण्याचा नियम आधीच घातलेला होता. नेमके तिथेच झुलणे थांबले. संकट टळले ते नशिबाने की रचनेने, हे कळल्याशिवाय पुढचे उड्डाण सोडणे म्हणजे जुगार झाला असता. येथे उत्तर रचनेच्या बाजूने निघाले. रंगीत चित्रे घेण्याच्या कामामुळे ही गफलत होत असावी असे विश्लेषणातून दिसल्यावर पुढच्या दोन उड्डाणांत रंगीत कॅमेरा बंद ठेवला गेला. ८ जूनचे सातवे उड्डाण बेताचे आणि सपाट जागेवरचे होते. आठवेही तसेच. मग ५ जुलैच्या नवव्या उड्डाणात इंजेन्युइटीने सेईता या वाळूच्या टेकाडांच्या भागावरून, रोव्हरला जाणे धोक्याचे होते अशा वाटेने, ६२५ मीटरची मजल मारली. ज्या दिशादर्शन प्रणालीने सहा आठवड्यांपूर्वी तोल घालवला होता, तिच्यावरच हा पल्ला सोपवला होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये ऋतू बदलला, हवा आणखी विरळ झाली आणि पात्यांचा वेग वाढवणे भाग पडले. १८ सप्टेंबरला चौदाव्या उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पात्यांचा कोन बदलणाऱ्या सहापैकी दोन सर्व्हो मोटरी किंचित थरथरल्या. यंत्राने उड्डाण स्वतःच रद्द केले. चमूने मोटरी हलवून पाहण्याची चाचणी पुन्हा घेतली. दोष दिसला नाही. तेवढ्यात पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य आड आल्याने संपर्काची सुटी आली. २४ ऑक्टोबरला मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी एक लहानसे उड्डाण करून नवा वेग पारखला गेला.

२०२२ चा हिवाळा सगळ्यात कठीण गेला. धुळीमुळे सौरपट्टीला ऊन कमी मिळे आणि रात्री उबदार राहण्यातच बॅटरी संपे. ३ मे रोजी इंजेन्युइटीकडून संदेश आला नाही. बॅटरी रात्रीत रिकामी होऊन इंजेन्युइटीचे घड्याळ शून्यावर गेले होते. सकाळच्या उन्हाने ती जागी झाली, पण रोव्हर ऐकत असे ती वेळ तिला ठाऊक नव्हती. म्हणून चमूने रोव्हरला इतर कामे बाजूला ठेवून जवळजवळ दिवसभर कान देऊन बसायला लावले. ५ मे रोजी आवाज आला. त्यानंतर रात्रीचे हीटर उणे १५ ऐवजी उणे ४० अंशांवर सुरू करायचे ठरले. इलेक्ट्रॉनिक भाग थंडीने तडकण्याची जोखीम यात होती आणि ती समजून उमजून घेतली गेली.

थंडीचे मोल लवकरच चुकवावे लागले : कलमापक बंद पडला. पाती फिरण्याआधी गुरुत्वाची दिशा कोणती, यंत्र किती तिरके उभे आहे, हे सांगणे एवढेच त्याचे काम. हवेत त्याची गरज नसे, पण त्याच्या आकड्याशिवाय उड्डाणाला सुरुवातच होत नसे. हा दिवस येऊ शकतो हे ओळखून मंगळावर उतरण्यापूर्वीच एक लहान दुरुस्ती लिहून ठेवलेली होती. मेलेल्या सेन्सरकडून येणारे निरर्थक संदेश वाटेतच अडवायचे आणि त्यांच्या जागी जडत्वमापकातील प्रवेगमापकांवरून काढलेले आकडे घालायचे. नेमकेपणा थोडा कमी, पण सुरक्षित उड्डाणाला पुरेसा. ११ जून २०२२ रोजी एकोणतिसाव्या उड्डाणात इंजेन्युइटी १७९ मीटर गेली. संपूर्ण मोहिमेतील हा सर्वांत देखणा उपाय म्हणावा लागेल. तो करणाऱ्यांनी यंत्र नवे असतानाच त्याच्या म्हातारपणाचा विचार केला होता.

पुढच्या वर्षी एक पद्धत रूढ झाली. २६ एप्रिल २०२३ च्या बावन्नाव्या उड्डाणानंतर यंत्र आणि रोव्हर यांच्यामध्ये टेकडी आली आणि ६३ दिवस संपर्क तुटला. संपर्क परत आल्यावर २२ जुलैला त्रेपन्नावे उड्डाण झाले. ते १३६ सेकंदांचे ठरले होते, पण ७४ व्या सेकंदाच्या आसपास यंत्राने 'लगेच उतर' ही आणीबाणीची आज्ञा अमलात आणली. कॅमेऱ्याची चित्रे आणि जडत्वमापकाच्या नोंदी यांचा मेळ पुन्हा सुटला होता. मात्र सहाव्या उड्डाणासारखे झोकांड्या खाण्याची वेळ आली नाही. अशा प्रसंगी काय करायचे हे आता यंत्राला शिकवलेले होते. ३ ऑगस्टला चौपन्नावे उड्डाण केवळ २५ सेकंदांचे ठेवले गेले : सरळ पाच मीटर वर, सरळ खाली. कुठे जायचे नाही, काही शोधायचे नाही. यंत्राला आपली जागा ओळखता येते का एवढेच पाहायचे. चौपन्नाव्या उड्डाणाने ते सिद्ध केले. मग पल्ले वाढत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंजेन्युइटीने २४ मीटर उंची आणि सेकंदाला १० मीटर वेग गाठला. डिसेंबरमध्ये तिने एका उड्डाणात ७०५ मीटर अंतर कापले. हे सगळे विक्रम त्या २५ सेकंदांनंतरचे आहेत.

शेवटही याच पद्धतीच्या एका उड्डाणात झाला. ६ जानेवारी २०२४ रोजी एकाहत्तरावे उड्डाण वाळूच्या लाटांच्या प्रदेशात अर्धवट थांबले. तिथे कॅमेऱ्याला ओळखण्याजोग्या खुणाच फार थोड्या होत्या. १८ जानेवारीला नेहमीप्रमाणे वर-खाली असे लहान उड्डाण ठरले. यंत्र १२ मीटर चढले, साडेचार सेकंद थांबले आणि उतरू लागले. जमीन सुमारे एक मीटरवर असताना संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, पण चित्रांतील सावलीत पात्यांची टोके तुटलेली दिसली. २५ जानेवारीला नासाने मोहीम संपल्याचे जाहीर केले.

आधी पात्यांनी जमीन चाटली असावी असे वाटले होते. जेपीएल आणि इंजेन्युइटीच्या उभारणीत वाटा असलेली एअरोव्हायरनमेंट ही कंपनी यांनी मिळून केलेल्या चौकशीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. ते वेगळे होते. गुळगुळीत वाळूवर खुणा न सापडल्याने यंत्राला आपला आडवा वेग कळला नाही. ते वेगाने सरकतच उतारावर आदळले, झटक्यात कलंडले, आणि त्या झटक्याचा ताण न सोसून चारही पाती टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर मोडली. मग बेताल थरथरीने एक पाते मुळापासून उखडले. म्हणजे म्हातारे झालेले यंत्र शेवटी मोडले, असे घडले नाही. सहाव्या आणि त्रेपन्नाव्या उड्डाणानंतर ज्या दृष्टीवर चमूने पुन्हा विश्वास ठेवला, ती दृष्टी खडकाळ जमिनीसाठी घडवलेली होती आणि खडकाळ जमिनीवर ती शेवटपर्यंत विश्वासाला पात्र राहिली. बहात्तरावे उड्डाण सोडण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. जागा हरवलेल्या यंत्राची जागा तपासण्याचा तोच मार्ग उपलब्ध होता. चुकली ती जमिनीविषयीची अपेक्षा.

चौकशीबरोबरच 'मार्स चॉपर' या नव्या यंत्राची कल्पनाही मांडली गेली : इंजेन्युइटीच्या सुमारे वीसपट वजनाचे, वैज्ञानिक उपकरणे वाहून नेणारे आणि दिवसाला तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकणारे. ते किंवा त्यासारखे कोणतेही यंत्र मंगळावर पाठवायचे तर त्याला निर्विकार वाळूवरही स्वतःचा वेग ओळखता आला पाहिजे.