सिसप्लॅटिनची मात्रा : मुंबईतील एका चाचणीचा इतिहास

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने याने सिद्ध केले. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग याला प्लॅटिनमच्या विद्युदग्रांजवळ जिवाणूंचे विभाजन थांबल्याचे आढळले, आणि त्यातून त्याचा कर्करोगाशी संबंध जुळला. तथापि पहिल्या रुग्णांची मूत्रपिंडे या औषधाने इतकी दुखावली की ते टाकून देण्याची वेळ आली होती. औषधाच्या आधी व नंतर शिरेवाटे भरपूर सलाईन देण्याची पद्धत बसली, तेव्हा कुठे ते वापरण्याजोगे झाले. अमेरिकेत त्यास १९७८ साली मान्यता मिळाली. वांती आणि बहिरेपणा हे दोष मात्र उरलेच.

मुख व घशाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर दर तीन आठवड्यांनी, शरीरपृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम, ही प्रमाणभूत मात्रा ठरली. भारतात मात्र आठवड्यास ३० मिलिग्रॅम देण्याचा प्रघात पडला. कंधारहून मुंबईस आलेल्या रुग्णास रोजच्या किरणोपचारासाठी सहा-सात आठवडे तेथे राहावेच लागते. तेव्हा या प्रघाताचे आकर्षण प्रवास वाचण्याचे नसून, खाट न अडण्याचे व औषध सोसण्याचे होते. लहान मात्रा म्हणजे सुरक्षित मात्रा, हे गृहीतच धरले गेले.

हे गृहीत १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने तपासले. २०१३ ते २०१७ या काळात ३०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. बहुतेकांचा रोग मुखाचा होता व शस्त्रक्रिया आधीच झाली होती. तीव्र दुष्परिणाम साप्ताहिक गटात ७१.६ टक्के, तर त्रिसाप्ताहिक गटात ८४.६ टक्के रुग्णांत दिसले. परंतु दोन वर्षांअखेर मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात राहिला तो अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्क्यांत. एकूण आयुर्मानात निर्णायक फरक आढळला नाही, हेही नोंदले पाहिजे.

२०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यावरून साप्ताहिक पद्धतच त्याज्य ठरते असे नव्हे; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर आठवड्यास ४० मिलिग्रॅम देणे त्रिसाप्ताहिक मात्रेहून उणे ठरले नाही. वाद आठवड्याचा कमी, मिलिग्रॅमचा अधिक. मोठ्या मात्रेची किंमत मात्र रुग्णालयाबाहेरही द्यावी लागते : मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वांतीने शरीरातील पाणी घटले, तर सलाईनने राखलेली मूत्रपिंडे घरी परतल्यावर धोक्यात येऊ शकतात. म्हणून पुढील मात्रेपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहिल्यावाचून औषध देत नाहीत.