आवळण्यापेक्षा अंतर बरे

मोटारीच्या आत आवाज येऊ लागला की मालक आणि फिटर दोघांचाही पहिला विचार एकच असतो: काहीतरी ढिले झाले आहे, ते आवळा. निम्म्या वेळी तो बरोबर असतो. एसटीच्या खिडकीची काच आपल्या खाचेत सैल झाली की ती आपटत राहते, आणि तिला घट्ट बसवणे हाच त्यावरचा उपाय. पण ही झाली खडखड. कुरकुरीचे कूळ वेगळे. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. गाडी हलली की ते आधी चिकटून राहतात, ताण वाढला की सटकतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की त्याचा आवाज होतो. अशा जागी स्क्रू आणखी पिळला तर पुष्कळदा दाब तेवढा वाढतो. म्हणजे खडखडीवरचे औषध कुरकुरीचे खाद्य ठरू शकते. मोटारीच्या बॉडीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर कुरकुरीवरचा टिकाऊ उपाय आवळण्यापेक्षा अंतर ठेवण्यात सापडला, असे माझे म्हणणे आहे. आणि तो सापडला एका वैमानिकाला.

सुरुवातीच्या मोटारींची बॉडी बनवणारे कारागीर मुळात घोडागाडीवाले. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, त्याचे सांधे साल-खाच करून, सरस आणि स्क्रू लावून पक्के केलेले, वरून पत्रा. हा पेटारा ज्या लोखंडी चासीवर बसवायचा ती मात्र खड्ड्यात पिळवटायची. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक गाड्या उघड्या होत्या, त्यामुळे वारा आणि इंजिन यांच्या गोंगाटात सांध्यांचे रडगाणे विरून जाई. युद्धानंतर बंद सलूनची मागणी वाढली आणि तोच आवाज छताखाली घुमू लागला. सुतारांनी सांधे अधिक मजबूत केले. चासी पिळायची थांबली नाही. घट्ट सांधा ताठ राहण्याच्या हट्टात आतून घासत गेला आणि लाकडावर लाकूड करकरू लागले.

चार्ल्स वायमन याने हा हट्टच सोडून दिला. हैतीत जन्मलेल्या या अमेरिकी वैमानिकाने 1911 साली इंग्लंडमध्ये गॉर्डन बेनेट विमानस्पर्धा जिंकली होती. त्या काळचे विमान म्हणजे हलका लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड; हवेत ते लवचिकपणे वाकते आणि तरी टिकते, हे त्याला हातातल्या अनुभवाने माहीत होते. महायुद्धानंतर पॅरिसमध्ये त्याने तीच रीत मोटारीला लावली. सांगाडा लाकडाचाच, पण लाकूड लाकडाला कुठेही टेकू द्यायचे नाही: दोन तुकड्यांमध्ये थोडी फट ठेवायची आणि पोलादी पट्ट्यांनी ते जोडायचे. पत्र्याऐवजी वरून रोगण चढवलेले चामड्यासारखे कापड, आणि आसने बॉडीवर न लादता थेट चासीवर. चासी पिळली की बॉडी तिच्याबरोबर निमूटपणे पिळे आणि घासायला काही उरतच नसे. या शांत आणि हलक्या बॉडीचे परवाने 1920च्या दशकात अनेक कारखान्यांनी घेतले. इंग्लंडमध्ये रोव्हरने आणि अमेरिकेत स्टुट्झने अशा बॉडीच्या गाड्या विकल्या.

यावर सरळ आक्षेप असा की वायमन हरला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने डॉज बंधूंसाठी पूर्ण पोलादी बॉडी 1914च्या सुमारासच सुरू केली होती. सित्रोएनने 1924 मध्ये तेच तंत्र युरोपात आणले आणि 1934 च्या ट्रॅक्शन अ‍ॅव्हांतमध्ये चासी व बॉडी एकजीव केली. आपल्याकडची अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी याच वंशातल्या. वेल्डिंगने सांधाच नाहीसा केला, आणि ताठ बॉडी कमी पिळते म्हणून तिच्या आतले भागही कमी हलतात. हा विजय खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कापडी बॉडी गेली ती कुरकुरीमुळे नव्हे. कापड डागाळे, ओल धरी; 1930च्या दशकात लोकांना गोलाईदार, चकचकीत रंगाच्या गाड्या हव्या होत्या आणि कापडाला ती गोलाई व ती झळाळी साधत नव्हती; शिवाय प्रेसच्या वेगापुढे हातकामाला उभे राहता येईना. वायमनच्या इंग्लंडमधल्या कंपनीनेही पुढे धातूच्या बसबॉड्या बांधल्या, लंडनच्या प्रसिद्ध आरटी डबलडेकरसह. दुसरे असे की पोलादही गप्प नव्हते. मोठा पत्रा ढोलासारखा घुमतो, आणि तो घुमू नये म्हणून त्याला आतून फेल्ट व डांबरी थर चिकटवावे लागले. एकसंध पोलादाला मऊ सोबती लागलाच.

खरा पुरावा मात्र पत्र्याच्या आतल्या बाजूला आहे. अ‍ॅम्बॅसेडर-पद्मिनीच्या पिढीत आतले भाग थोडे होते आणि इंजिनाचा आवाज भरपूर, त्यामुळे बारीक किरकिर ऐकू येण्याची सोयच नव्हती. नंतर डॅशबोर्ड, दारांचे पॅनेल, खांबांची आवरणे सगळे प्लास्टिकचे झाले आणि क्लिपांवर बसले. पोलादाने संपवलेले सांधे असे मागच्या दाराने परत आले, तेही अस्वस्थ होऊन. एबीएस प्लास्टिकची एक मीटर लांबीची पट्टी तापमान 40 अंशांनी वाढले की सुमारे 3 मिलिमीटर लांबते. पोलादाची अर्धाच मिलिमीटर. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी एसी लावून निघाली की आतले भाग आपापल्या गतीने आकसतात आणि एकमेकांवर सरकतात. इथे कंपन्या काय करतात? दोन भाग एकमेकांना टेकणार नाहीत इतकी फट आराखड्यातच सोडतात. टेकणारच असतील तर मध्ये फेल्टची पट्टी किंवा मखमली लव लावतात, आणि कोणते प्लास्टिक कोणत्या प्लास्टिकवर घासले की चिकटून सटकते हे प्रयोगशाळेत तपासतात. जर्मन वाहन उद्योगाने तर त्यासाठी प्रमाणित चाचणीच ठरवली आहे. वायमनची फट बाहेरून गेली आणि आतून परतली. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा पडदाही नाही, त्यामुळे या फटीचे मोल आणखी वाढले.

फेल्टची पट्टी म्हणजे निव्वळ जुगाड, खरा दोष झाकणारी मलमपट्टी, असे काही जाणकार म्हणतात. कारखाना स्वतःच ती लावत असेल तर गॅरेजवाल्याने लावली म्हणून ती जुगाड कशी ठरते? त्यांचा रोख सिलिकॉन स्प्रेवर असेल तर मात्र मी सहमत आहे: तो घर्षण तात्पुरते कमी करतो, धूळ धरतो, आणि दोन पृष्ठभाग टेकलेले ते टेकलेलेच राहतात. क्लिप तुटली असेल, बुश झिजला असेल, दाराच्या आत बोल्ट सुटून पडला असेल, तर फेल्टचा काही उपयोग नाही. तिथे पाना हवा, आणि तोही आतल्या सजावटीआधी गाडीच्या पोटाखाली लावायला हवा, कारण सस्पेन्शनमधली खडखड बॉडीतून चढून थेट डॅशबोर्डमधून आल्यासारखी भासते.