बौद्धिक अक्षमता आणि रागावरील उपचार

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीने वस्तू फेकल्या वा कोणाच्या अंगावर हात टाकला, की तो तिच्या अक्षमतेचाच भाग मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. साहजिकच बंद खोली किंवा गुंगी आणणारी औषधे हेच उपाय ठरत. 'मतिमंद' हा शब्द मराठीत आता मागे पडला आहे. ही समजूत मात्र तितकी मागे पडलेली नाही.

औषधांच्या भरवशाला धक्का देणारा अभ्यास २००८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी आक्रमक वर्तन असलेल्या ८६ व्यक्तींपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषधी गुण नसलेली गोळी दिली. चार आठवड्यांनंतर तिन्ही गटांत आक्रमकता कमी झाली होती, आणि सर्वाधिक घट साध्या गोळीच्या गटात होती. (याचा अर्थ चालू औषधे परस्पर बंद करावीत असा नव्हे, तो निर्णय डॉक्टरांचाच.)

पर्यायी उपचाराचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हॅको यांनी १९७०च्या दशकात घातला. राग म्हणजे शरीराची उत्तेजना, मनातला अर्थ आणि प्रत्यक्ष कृती यांची साखळी. ती कोठेही तोडता येते, असे त्यांचे प्रतिपादन. इंग्लंडमध्ये जॉन टेलर यांच्यासह त्यांनी ही पद्धत बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी बेतली. त्यांच्या अठरा सत्रांपैकी पहिली सहा केवळ पूर्वतयारीची असत. हे आवश्यकच होते. ज्याला आयुष्यभर 'रागावू नकोस' एवढेच ऐकवले गेले, त्याला उपचारही शिक्षाच वाटणार. राग येणे गैर नाही, हे आधी पटवावे लागते. मग चित्रे, रागाचा 'तापमापक', श्वसन व स्नायू शिथिल करण्याचा सराव, प्रसंगांचे छोटे नाट्य यांतून चिडण्याची पहिली खूण ओळखणे, तेथून दूर जाणे, मदत मागणे शिकवले जाते. लेखन-वाचन न येणाऱ्यालाही हे जमू शकते.

प्रश्न मनुष्यबळाचा होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉल विल्नर यांच्या चाचणीत ब्रिटनमधील ३० दिवस-केंद्रांतील १७९ जणांचा समावेश होता. तेथे उपचार मानसशास्त्रज्ञांनी नव्हे, तर त्यांच्या देखरेखीखाली केंद्रातील नेहमीच्या कर्मचाऱ्यांनी केले. निष्कर्ष संमिश्र, पण बोलके आहेत. काल्पनिक प्रसंगांत किती राग येईल, या मुख्य मोजपट्टीवर सहभागींच्या स्वतःच्या उत्तरांत फरक पडला नाही. स्वतःला खरोखर चिडवणाऱ्या प्रसंगांबद्दल विचारल्यावर मात्र राग कमी झालेला दिसला. राग हाताळण्याची कौशल्ये अधिक वापरली जात असल्याचे कर्मचाऱ्यांनीही नोंदवले, आणि त्रासदायक वर्तन घटल्याचे घरच्या काळजीवाहकांनाही जाणवले.

अर्थात अशा कोणत्याही उपचाराआधी वेदनेची शक्यता तपासणे अनिवार्य आहे. दाढदुखी, बद्धकोष्ठता वा कानाचा संसर्ग शब्दांत सांगता न येणाऱ्याकडे तक्रारीचा मार्ग पुष्कळदा संतापाचाच असतो. शिवाय रोज होणारी चेष्टा, न विचारता बदललेला दिनक्रम, आपली वस्तू कोणी तरी उचलणे, ही कारणे कोणालाही चिडवणारीच आहेत. ती तशीच ठेवून केवळ श्वसनाचा सराव करून घेणारे केंद्र उपचार करत नाही, गप्प बसवते.

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वर्तनासाठी मनोविकारावरील औषधे मानसोपचार वा अन्य उपायांच्या जोडीनेच द्यायची असतात, एकटी नव्हे.